लिस्बन बहिणींना पाहिले कोणी? ‘द व्हर्जिन सुइसाइड्स’विषयी चर्चा

पारिजातक

सोफिया कपोला यांचा ‘द व्हर्जिन सुइसाइड्स’ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि पाहून मला राग आला होता. पाच बहिणींचा चित्रपट, पण त्यांतल्या एकीलाही स्वतःची गोष्ट स्वतः सांगू दिलेली नाही. सांगतात ती समोरच्या घरांतली मुले, तीही पंचवीस वर्षांनी, बाप्ये झाल्यावर. मागच्या आठवड्यात तो पुन्हा पाहिला, आणि जी गोष्ट तेव्हा उणीव वाटली होती तिच्यावरच सगळा चित्रपट उभा आहे असे आता ठामपणे वाटते. म्हणून हा धागा काढत आहे. शेवट लपवून लिहिणे शक्य नाही, कारण तो नावातच आहे आणि निवेदकही सुरुवातीलाच त्याची कल्पना देतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काळ १९७४ च्या आसपासचा, स्थळ मिशिगन राज्यात डेट्रॉईटला लागून असलेले ग्रोस पॉइंट हे सुखवस्तू उपनगर. शाळेत गणित शिकवणारे श्री. लिस्बन, त्यांची कडक कॅथलिक वळणाची पत्नी आणि पाच मुली: थेरीस १७ वर्षांची, मेरी १६, बॉनी १५, लक्स १४ आणि सेसिलिया १३. सर्वांत आधी धाकटी सेसिलिया जाते. त्यानंतर शाळेच्या नृत्यसमारंभाला चौघींना कशीबशी परवानगी मिळते, त्या रात्री लक्स वेळेवर घरी परतत नाही आणि आई चौघींचीही शाळा बंद करून दाराला कडी लावते. पुढे त्या चौघीही उरत नाहीत. मूळ कादंबरी जेफ्री युजेनिडिस यांची, १९९३ सालची. कपोला यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट असून तो १९९९ च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागात प्रथम दाखवला गेला आणि अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत २००० साली लागला.

आता मुद्द्याचे. निवेदक (आवाज जिओव्हानी रिबिसी यांचा) कधीही ‘मी’ म्हणत नाही. तो सगळ्या मुलांच्या वतीने बोलतो. इंग्रजीत त्यासाठी एकच सर्वनाम आहे, परंतु हे निवेदन मनात मराठीत उतरवून पाहताना मला थांबावे लागले, कारण आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. त्या मुलांच्या तोंडी फक्त ‘आम्ही’ शोभतो. त्या ‘आम्ही’त मुली नाहीत, आईवडील नाहीत, ऐकणारे आपणही नाही. सबंध चित्रपटभर ही मुले मुलींच्या वस्तू जमवतात, सेसिलियाची रोजनिशी मिळवून तिचे पान न् पान वाचतात, दुर्बीण लावून बसतात, आणि एवढे करून त्यांना ‘आपण’ म्हणता येत नाही.

एक प्रसंग पाहा. पीटर नावाच्या मुलाने वर्गात सूर्यमालेची प्रतिकृती टांगायला मदत केली म्हणून लिस्बन सर त्याला घरी जेवायला बोलावतात. जेवताना तो उठून वरच्या मजल्यावर न्हाणीघरात जातो आणि तिथली एकेक वस्तू न्याहाळू लागतो. लिपस्टिक उघडून हुंगतो, डोळे मिटतो, कपाट उघडून पाहतो. तेवढ्यात दारावर थाप पडते आणि बाहेर लक्स उभी असते; तिला आतले काहीतरी हवे असते. प्रत्यक्ष मुलगी समोर आल्यावर त्याला एक शब्द फुटत नाही आणि तो पळ काढतो. लिपस्टिकशी त्याचे जितके जमले तितके लक्सशी जमत नाही. पुढे सगळी मुले जे करतात त्याचा हा नमुना आहे.

पण चित्रपट मुलांच्या डोळ्यांपुरता राहतो का? कादंबरी बऱ्याच अंशी राहते. तिथे मुले पुरावे जमवतात आणि त्यांना क्रमांक देतात. चित्रपटात मात्र अशा काही जागा आहेत जिथे कॅमेरा मुलांना मागे सोडून एकटाच पुढे जातो. नृत्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे फुटबॉलच्या मैदानावर लक्स एकटी जागी होते. तिला नृत्याला घेऊन गेलेला ट्रिप फाँटेन केव्हाच निघून गेलेला असतो. सगळीकडे निळसर, ओलसर उजेड आहे, आदल्या रात्रीचा मुकुट आहे, आणि एवढ्या मोठ्या मैदानात ती अगदी लहान दिसते. नंतर टॅक्सीच्या खिडकीला टेकलेला तिचा चेहरा दिसतो. इथे त्या मुलांपैकी कोणीही नाही. हे कोणी पाहिले? माझ्या मते हे फक्त दिग्दर्शिकेने पाहिले आहे, आणि मुलींना खऱ्या अर्थाने कोणी पाहिले असेल तर ते अशाच दोनचार जागी. आपल्याला काय वाटते ते सविस्तर लिहावे.

दूरदेशी

धागा वाचून फार बरे वाटले. मी गेली अनेक वर्षे डेट्रॉईटच्या वायव्येकडच्या एका उपनगरात राहतो, त्यामुळे स्थळाविषयी थोडे लिहितो, कारण या गोष्टीत स्थळाला फार महत्त्व आहे. (चित्रीकरण मात्र इथे झालेले नाही, ते १९९८ च्या उन्हाळ्यात टोरांटोत झाले.)

ग्रोस पॉइंट म्हणजे सेंट क्लेअर सरोवराच्या काठची पाच लहान गावे. जेफरसन रस्त्याने डेट्रॉईटमधून पूर्वेकडे निघालात की आल्टर रोड ओलांडताच दृश्य बदलते. अलीकडे पडझड झालेली घरे आणि मोकळे भूखंड, पलीकडे कातरलेली हिरवळ आणि विटांची भक्कम घरे. ही रेघ आपोआप पडलेली नाही. १९६० साली उघडकीस आले की तिथले घरांचे दलाल आणि मालमत्ताधारकांची संघटना घर घेऊ पाहणाऱ्या माणसाला चक्क गुण देत असत. वर्ण किती सावळा, उच्चार कसे, व्यवसाय कोणता, राहणी कितपत ‘अमेरिकन’, अशी प्रश्नावली होती. पोलिश, दक्षिण युरोपीय आणि ज्यू माणसांना उत्तीर्ण होण्यासाठी इतरांपेक्षा जास्त गुण लागत. कृष्णवर्णीय आणि आशियाई लोकांचा तर विचारच होत नसे. युजेनिडिस स्वतः ग्रीक वंशाचे, जन्म १९६० सालचा आणि डेट्रॉईटचा, आणि वाढले ते याच ग्रोस पॉइंटमध्ये.

पुढे १९६७ च्या जुलैमध्ये डेट्रॉईट पेटले, त्यात ४३ माणसे मेली आणि गोऱ्या कुटुंबांचे शहर सोडून जाणे आणखी वाढले. चित्रपटाचा काळ १९७४ चा आहे. त्याच वर्षी २५ जुलैला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मिलिकेन विरुद्ध ब्रॅडली’ खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. डेट्रॉईटच्या शाळांमधला वर्णभेद मोडण्यासाठी भोवतालच्या उपनगरांच्या शाळांना एकत्र योजनेत ओढता येणार नाही, असा त्याचा थोडक्यात अर्थ. उपनगराची कुंपणे कायद्याने पक्की झाली.

चित्रपटात यातले काहीही उच्चारलेले नाही. पण सौ. लिस्बन मुलींना बाहेरच्या जगापासून वाचवण्यासाठी जे करतात, तेच ते सबंध गाव वर्षानुवर्षे शहराच्या बाबतीत करत आले होते. म्हणूनच शेजाऱ्यांनी त्या एकट्या बाईकडे बोट दाखवणे मला पटत नाही. त्या घराला लावलेली कडी ही गावाच्या कडीच्या आतली कडी आहे.

आता एल्म झाडांविषयी. पहिल्याच दृश्यांत पालिकेचे कामगार झाडावर नोटीस ठोकताना दिसतात. ‘डच एल्म’ नावाचा बुरशीजन्य रोग १९३० च्या सुमारास अमेरिकेत आला. सालीखाली राहणारे भुंगेरे ती बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, पाणी वाहून नेणाऱ्या नलिका तुंबतात आणि शेंड्याकडची एखादी फांदी भर उन्हाळ्यात पिवळी पडते. जवळजवळ लावलेल्या एल्मची मुळे जमिनीखाली एकमेकांत जुळलेली असतात, त्यामुळे रोग मुळांतूनही शेजारच्या झाडात उतरतो. इथल्या गावांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीची झाडे सारख्या अंतरावर लावली होती. दिसायला देखणे, पण एक लागले की रांग गेली. उपाय एकच मानला जाई: लागलेले झाड तोडा म्हणजे बाकीची वाचतील. चित्रपटात उरलेल्या चार बहिणी हातात हात गुंफून खोडाभोवती उभ्या राहतात आणि त्या दिवशी कामगारांना परत जावे लागते. त्यांनी एकत्र येऊन उघडपणे केलेला एवढा एकच विरोध आपल्याला दिसतो, आणि तोही स्वतःसाठी नाही.

कातरवेळ

दोन्ही लेखन अभ्यासपूर्ण आहे, पण माझे मत वेगळे आहे आणि ते मांडतो.

मला हा चित्रपट आजही अत्तराच्या जाहिरातीसारखा वाटतो. सोनेरी ऊन, वाऱ्यावर उडणारे केस, गवतात लोळणाऱ्या मुली, ढगांवर उमटलेला लक्सचा चेहरा आणि तिने मिचकावलेला डोळा. आपण म्हणता की दिग्दर्शिका मुलांच्या नजरेची चिकित्सा करते. पण ज्या नजरेची चिकित्सा करायची, तीच नजर इतकी मोहक करून दाखवली तर प्रेक्षक चिकित्सा करत नाही, तो मोहात पडतो. आजही या चित्रपटातली छायाचित्रे म्हणून लोक जी जपून ठेवतात त्यांत मैदानावरची एकटी लक्स नसते, उन्हातली लक्स असते. शिवाय पाच बहिणींपैकी थेरीस, मेरी आणि बॉनी यांना वेगळे ओळखण्याइतकाही वेळ चित्रपट देत नाही. मी दोनदा पाहूनही यांतली बॉनी कोणती हे छातीठोकपणे सांगू शकणार नाही. ही मुलांची चूक म्हणून सोडून द्यायची, की पटकथेची म्हणायची?

मृत्यूला इतके सुंदर करू नये, असेही मला मनापासून वाटते.

पारिजातक

कातरवेळ, आपला शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि त्याच कसोटीवर पाहिले तर मला चित्रपट उत्तीर्ण होताना दिसतो. मृत्यू सुंदर केलेला नाही. शेवटच्या रात्रीच्या प्रसंगात संगीत, ऊन, मंद हालचाल यांतले काहीही नाही. मुलांच्या तोंडचे पाणी पळालेले आहे आणि ती अंधारातून अडखळत बाहेर धावतात. सुंदर केलेले आहे ते मुलांचे स्वप्न. सोनेरी ऊन नेमके केव्हा येते ते पाहावे. मुले रोजनिशी वाचत असतात तेव्हा येते. त्याच ओघात एक शिंगवाला पांढरा घोडादेखील दिसतो. १९७४ सालच्या मिशिगनमध्ये तो कुठून येणार? मुलींनी मागवलेली प्रवासाची माहितीपत्रके ही मुलेही मागवतात आणि त्यांच्याबरोबर आपण देशोदेशी फिरल्याची चित्रे रंगवतात, तीही तशीच झगमगीत आहेत. लिस्बनांच्या घराच्या आत मात्र एडवर्ड लॅकमन यांचा कॅमेरा वेगळाच उजेड वापरतो. जेवणाचे टेबल, तपकिरी भिंती, दिवाणखान्यातला दूरचित्रवाणी संच, सगळे मळकट आणि दमट.

बॉनीचे आपले म्हणणे बरोबर आहे आणि त्याचे मलाही दुःख आहे. पण हेही पाहा की लक्स आपल्याला ओळखू येते ती केवळ मुलांना ती हवी होती म्हणून. कर्स्टन डन्स्ट तेव्हा १६ वर्षांच्या होत्या आणि त्यांनी लक्सच्या डोळ्यांत एक सावध कंटाळा ठेवला आहे, जो त्या मुलांपैकी एकाच्याही लक्षात येत नाही. मोठा झालेला ट्रिप (मायकेल पारे) कॅमेऱ्यासमोर बसून सांगतो की असे प्रेम फार थोड्यांना लाभते आणि आपल्याला ते एकदा लाभले. त्या मुलीला मैदानात टाकून गेलेला माणूस हे बोलत आहे. तो खोटे बोलतो आहे असेही नाही. त्याच्या आठवणीत पहाट उरलेलीच नाही.

शिरीषफूल

मी इथे क्वचित लिहिते, पण आईविषयी कोणीतरी लिहायला हवे असे वाटले.

कॅथलीन टर्नर यांनी साकारलेल्या सौ. लिस्बन यांना खलनायिका म्हणून मोकळे होणे फार सोपे आहे. मला त्या दुष्ट वाटत नाहीत. लक्सने रॉक संगीताच्या तबकड्या शेकोटीत जाळाव्यात असा हुकूम त्या देतात तो प्रसंग आठवा. लक्स एकेका तबकडीसाठी रडत विनवते. एक आगीत पडते, ती जळताना इतका धूर आणि उग्र वास सुटतो की आईलाच थांबावे लागते, आणि उरलेल्या तबकड्या कचऱ्यात जातात. शिक्षा करणारीचाही जीव गुदमरतो आहे. आणि शेवटी त्या सांगतात की माझ्या घरात प्रेमाची वाण नव्हती. मला ते खरे वाटते. प्रेम होते आणि त्याच प्रेमाने कडी लावली होती.

नृत्यासाठीच्या झग्यांचे काय होते पाहा. कापड मुली निवडतात, पण शिवताना आई घेर आणि उंची इतकी वाढवते की चारही झगे एकसारखे, पोत्यासारखे होतात. हा प्रसंग पाहताना माझ्या घशात आवंढा आला. आमच्याकडे ‘वाढत्या अंगाचे’ कपडे शिवत. आम्ही दोघी बहिणी ठाण्याच्या एका चाळीत वाढलो. आई फ्रॉकच्या खालच्या कडेला चार बोटे कापड आत दुमडून टीप मारून ठेवायची आणि दर जूनमध्ये, शाळा सुरू होण्याआधी, ती टीप उसवून उंची वाढवायची. दुमडीतले कापड उन्हाला न लागल्यामुळे गडद राहिलेले असे, त्यामुळे प्रत्येक फ्रॉकच्या खाली एक गडद पट्टा दिसायचा आणि जुन्या टिपेची भोके ओळीने तशीच राहायची. ताईचे सगळे फ्रॉक पुढे माझ्याकडे आले. कोणत्या वर्षी ती किती उंच झाली हे मला त्या पट्ट्यांवरून कळायचे.

ताई तेरा वर्षांची झाल्यावर खाली अंगणात खेळायला येईनाशी झाली. तिला वाचनाची गोडी लागली, असे आमच्या घरी सगळे म्हणत आणि मीही तेच मानत आले. गॅलरीत पाय दुमडून, मांडीवर पुस्तक घेऊन बसलेली ताई हे माझ्या लहानपणचे ठरलेले चित्र आहे. चित्रपट संपल्यावर मी बराच वेळ त्या चित्राचा विचार करत बसले होते.

अनवट

अजून कोणी टेलिफोनच्या प्रसंगाविषयी लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते, कारण पारिजातक यांनी ‘आपण’ या शब्दाविषयी जे लिहिले त्याचे उत्तर मला तिथे सापडते.

घरात कोंडलेल्या मुलींना मुले दूरध्वनी करतात. बोलायला काही सुचत नाही, म्हणून ती रिसीव्हर तबकडीवादकाच्या ध्वनिक्षेपकासमोर धरतात आणि टॉड रंडग्रेन यांचे गाणे लावतात. गाणे संपल्यावर पलीकडून थोडा वेळ शांतता, आणि मग मुली गिल्बर्ट ओ’सुलिव्हन यांचे गाणे लावून उत्तर देतात. मग मुलांकडून बी जीज, मुलींकडून कॅरोल किंग. एकही वाक्य बोलले जात नाही. गाणी अगदी साधी आहेत, त्या काळी तिथल्या प्रत्येक घरात रेडिओवर वाजणारी, पण दोन्हीकडचे चेहरे पाहा. कोणी कोणाला पाहू शकत नाही, दुर्बीण नाही, लिपस्टिक नाही, रोजनिशी नाही. ऐकण्यावाचून दुसरे काही करताच येत नाही. तेवढी दोनतीन मिनिटे तिथे ‘आपण’ आहे असे मला वाटते.

आणि हेही लक्षात घ्यावे की लक्सच्या तबकड्या जाळून आणि फेकून झालेल्या आहेत. तरीही घरात काही तबकड्या शिल्लक होत्या, आणि आईने निरुपद्रवी समजून राहू दिलेल्या त्या मवाळ गाण्यांतूनच मुलींनी आपले म्हणणे पोहोचवले. पार्श्वसंगीत ‘एअर’ या फ्रेंच जोडीचे आहे. ते मुलांच्या आठवणीचे संगीत आहे, धुक्यासारखे. मुलींचा स्वतःचा आवाज मला या दोन तबकड्यांत ऐकू येतो, निवेदनात किंवा पार्श्वसंगीतात नाही.

मनतळ

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून एक विनंती. या धाग्यावर ‘त्यांनी असे का केले’ या प्रश्नाचे एकच उत्तर शोधण्याची चढाओढ होऊ नये. आईचा जाच, धर्म, ट्रिप, धाकट्या बहिणीचे जाणे, यांपैकी कोणतेही एक कारण पुढे करून चित्रपट हात झटकत नाही, आणि त्याची ही बाजू मला सर्वांत मोलाची वाटते. सुरुवातीला डॉक्टर (डॅनी डीव्हिटो) सुचवतात की सेसिलियाला समवयस्क मुलांमध्ये मिसळू द्या. सल्ला चुकीचा नव्हे. पण पालक त्याचे रूपांतर तळघरातल्या एका देखरेखीखालच्या मेजवानीत करतात, तिथे जो नावाच्या एका वेगळ्या मुलाची पाहुण्या मुलांकडून करमणूक करून घेतली जाते आणि सेसिलिया उठून निघून जाते. तेरा वर्षांच्या मुलीला त्या क्षणी काय दिसले हे विचारायला कोणीच तिच्या मागे जात नाही. प्रत्यक्ष आयुष्यात आपण जाऊ शकतो, आणि विचारल्याने मनात नसलेले विचार येतात हा समज चुकीचा आहे. वाचणाऱ्यांपैकी कोणाला स्वतःसाठी किंवा आपल्या माणसासाठी बोलण्याची गरज वाटली, तर भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.

नदीकाठ

पारिजातक यांच्या ‘आम्ही’च्या मुद्द्याला जोडून एक तुलना मांडतो. डेनिझ गाम्झे एर्ग्युव्हेन यांचा ‘मुस्तांग’ (२०१५) कोणी पाहिला आहे का? तुर्कस्तानात काळ्या समुद्राच्या काठी एका गावात आजी आणि काका यांच्याकडे वाढणाऱ्या पाच अनाथ बहिणी. शाळेच्या शेवटच्या दिवशी समुद्रात मुलांच्या खांद्यांवर बसून खेळल्या, एवढ्या निमित्ताने त्यांना घरात कोंडले जाते. खिडक्यांना गज बसतात, कुंपणाची उंची वाढत जाते, स्वयंपाक आणि शिवण शिकवून एकेकीचे लग्न लावले जाते. तिथेही ढगळ, मळखाऊ रंगाचे झगे आहेत. त्या चित्रपटाची ऑस्करसाठी फ्रान्सतर्फे प्रवेशिका गेली होती आणि परभाषिक चित्रपटांच्या गटात त्याला नामांकनही मिळाले होते.

दोन्हींत पाच बहिणी, बंद घर आणि लांब केस आहेत, म्हणून अनेकांनी दोन्ही चित्रपट शेजारीशेजारी ठेवले. फरक मात्र मुळात आहे. ‘मुस्तांग’ सांगते ती सर्वांत धाकटी लाले. तिच्याही तोंडी ‘आम्ही’ आहे, पण तो बहिणींचा ‘आम्ही’ आहे. बाहेर राहतात ती इतर माणसे. त्यामुळे तिथे कडीची आतली बाजू दिसते. गाडी चालवायला कोणाकडून शिकायचे, किल्ली कुठे असते, इस्तंबूलला जायला पैसे किती लागतील, असे प्रश्न लालेच्या डोक्यात चालू असतात. कोंडलेल्या माणसाला आपल्या मनाचे गूढ रमणीय वाटत नाही, त्याला दाराची माहिती हवी असते.

हे पाहिल्यावर मी पुन्हा ‘व्हर्जिन सुइसाइड्स’कडे वळलो तेव्हा माझी अडचण कातरवेळ यांच्यासारखीच झाली. लिस्बन बहिणीही दाराचाच विचार करत असणार. प्रवासाची ती माहितीपत्रके मुलांना स्वप्नाची सामग्री वाटली, परंतु मुलींसाठी ते बाहेर पडण्याचे भाड्याचे दर असतील, नकाशे असतील. रात्री खिडकीतला दिवा लुकलुकवून त्या संकेत पाठवत होत्या. मुलांनी त्यात प्रीती वाचली.

कातरवेळ

नदीकाठ यांचे शेवटचे वाक्य वाचून काल रात्री चित्रपट तिसऱ्यांदा पाहिला. माझी जाहिरातीची तक्रार मी मागे घेत नाही. पूर्वार्ध अजूनही मला नको इतका गोड वाटतो. पण एक जागा यापूर्वी माझ्या नजरेतून निसटली होती, ती नोंदवतो.

सगळे संपल्यावर लिस्बन पतीपत्नी गाव सोडून जातात. घरातले सामान विकायला काढले जाते, गावकरी नुसते बघायला येतात, आणि कुटुंबाची छायाचित्रे कचऱ्याबरोबर बाहेर ठेवलेली असतात. ती मुले उचलून नेतात. इतके दिवस मला ही त्यांच्या वेडाची परिसीमा वाटत होती. या वेळी लक्षात आले की ती छायाचित्रे दुसऱ्या कोणालाच नको होती. पाठोपाठ गावात मेजवानी होते, तळ्यातल्या शेवाळाच्या दुर्गंधीवरून कल्पना घेऊन ‘गुदमरणे’ या विषयावर, आणि मोठी माणसे वायुरोधक मुखवटे लावून हिरव्या उजेडात नाचतात. गावाला महिनाभरातच पुन्हा मद्याचे पेले उचलता आले. या मुलांना पंचवीस वर्षांनीही जमले नाही. त्यांनी मुलींना पाहिले नाही हे खरे, पण त्यांना विसरायचे नाकारले तेही त्यांनीच. बॉनी कोणती, हेही आता मला ओळखता येते.

दूरदेशी

शेवाळाच्या वासावरून आठवले. कादंबरीच्या सुरुवातीला जून महिन्यातल्या मत्स्यमाश्यांचे वर्णन आहे, ते काल्पनिक नाही. सेंट क्लेअर सरोवरातून त्या लाखोंनी वर येतात, गाड्या, काचा, दिव्यांचे खांब झाकून टाकतात आणि पायाखाली कुरकुरतात. पंख फुटल्यावर जेमतेम एकदोन दिवसांचे आयुष्य असते. पहिल्या वर्षी आम्ही मुलांना घेऊन तिकडे गेलो होतो, तेव्हा माझी धाकटी मुलगी गाडीतून खाली उतरायलाच तयार होईना. तिला किळस आली असे मी समजलो होतो. तिचे म्हणणे होते की पाय टेकवायला जागा नाही, सगळ्या मरतील.

शिरीषफूल

मनतळ यांनी ‘विचारायला कोणी मागे जात नाही’ असे लिहिले, ते वाचून मी ताईला फोन केला. ती आता पुण्यात असते, साठीला आली आहे. आधी फ्रॉकच्या पट्ट्यांचे बोललो, हसलो. मग मी विचारले की तेरा वर्षांची झाल्यावर तू खेळायला यायचे का सोडलेस, पुस्तकांपायी का?

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अगं, त्या उन्हाळ्यात माझ्याकडे एकच पुस्तक होते. खाली जायचे नाही म्हणून सांगितले होते, मग ते उघडे धरून बसायचे. लगोरी कोणी फोडली ते मला आवाजावरून कळायचे. तू फोडलीस की दोन चकत्या नेहमी गटाराकडे जायच्या.”